तोंडी परीक्षा

"पुढे ये गं, टकळे," अध्यक्षसाहेबांनी हाक मारली आणि आपांनी हजेरीपटावरून मान वर केली.

मुलींच्या मदरशात आपा अकरा वर्षं शिकवत होत्या. वार्षिक परीक्षेला मदरशाचे अध्यक्षसाहेब येणार, हे ठरलेलंच. पण आज त्यांच्या शेजारी अत्तराचा घमघमाट सोडत एक पाहुण्या बाई बसल्या होत्या, आणि बडबडीमुळे टकळी म्हणून ओळखली जाणारी ही मुलगी साहेबांची सख्खी नात. आपांनी ताडलं. कसली परीक्षा? मुलगी दाखवायचा कार्यक्रम!

एकोणीस वर्षांच्या टकळीला अजून दोन वर्षं शिकून आपांसारखं शिकवायचं होतं. घरी तिने तो विषय काढला, की आजोबा रेडिओचा आवाज वाढवत.

आज मात्र त्यांनी स्वतःच कान टवकारले होते. टकळीने खणखणीत आवाजात कुराणातल्या आयती म्हटल्या, अर्थ सांगितले. कुठे अडखळली नाही. पाहुण्या बाई मान डोलवू लागल्या. साहेबांना चेव चढला.

"निकाहाआधी मुलीला विचारलं आणि ती लाजून गप्प राहिली, तर?"

"तिचा होकार धरतात, आजोबा."

"वा!" साहेब पाहुण्या बाईंकडे वळले. "परवा मी हिला तुमच्या मुलाबद्दल विचारलं. एरवी तोंडाचा पट्टा चालू, पण तेव्हा चकार शब्द नाही. आम्ही काय ते समजलो!"

"आजोबा, परवा माझी दाढ काढली होती," टकळी म्हणाली. "तोंडात कापसाचा बोळा होता. तो तुम्हीच आणून दिला होतात."

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. आपांनी हजेरीपट तोंडासमोर धरला.

"मग आता मीच विचारते," पाहुण्या बाई म्हणाल्या. "बेटा, पसंत आहे?"

"नाही, खाला. तुमच्या मुलात काही खोट नाही. मला शिकायचंय."

साहेबांनी आपांकडे असं पाहिलं, जणू बोळा त्यांनीच काढला होता. आता आपली नोकरी गेली, असं आपांना वाटलं. तेवढ्यात पाहुण्या बाई उठल्या, टकळीजवळ गेल्या आणि त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"माझ्या निकाहाला माझे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते गं," त्या हळूच म्हणाल्या. "तरी मी गप्पच राहिले."