रुजवात

छगन वारला. बरं, तसं काही झालेलंच नाही, असं धरून पुढं चालू. त्याच्या जोडीचा कारकून सूर्यभानही तसंच धरून होता.

तालुक्याच्या कचेरीत नक्कल निघाली की दोघं तिची रुजवात घ्यायचे, म्हणजे ती मुळाशी ताडून बघायचे. छगन मूळ कागद मोठ्यानं वाचायचा आणि सूर्यभान नकलेवर बोट ठेवून ओळीओळीला "व्हय" म्हणायचा. जरा उशीर झाला की छगन ओरडायचा, "आरं, बोट झोपलं का काय तुजं?"

आता सूर्यभान एकटाच दोन्ही खुर्च्यांवर आलटून पालटून बसायचा. साहेबांनी विचारलं, तर म्हणाला, "छगन पानी प्यायला गेलाय, साहेब." बहात्तर सालच्या दुष्काळात पाणी प्यायला गेलेल्याला उशीर होणारच, म्हणून साहेबांनीही पुढची फाईल ओढली.

मग तिसगावहून छगनची बायको साळूबाई आली. "भावजी, ह्यांच्या मयताच्या नोंदीची नक्कल द्या. पेन्शनीला लागती म्हनं."

सूर्यभाननं मूळ नोंद मोठ्यानं वाचली, खुर्ची बदलली, नकलेवर बोट ठेवलं. तोंडून "व्हय" काही निघेना. शेवटी त्यानं खाली शेरा लिहिला:



"नक्कल मुळाबरहुकूम आहे. चूक मुळातच आहे. तरी मूळ नोंद दुरुस्त होऊन मिळावी, ही विनंती."