मागचं पायडल

चढ काही फार मोठा नव्हता, तरी टपालवालीच्या मांड्या भरून आल्या. तेव्हा तिच्या लक्षात आलं, मागून जोर येत नाहीये.

सायकल दोघींची होती. दोन सीटं, दोन हँडलं, पायडलांच्या दोन जोड्या आणि सगळं एका साखळीत गुंतलेलं. पुढचीचे पाय फिरले की मागचीचे फिरणारच. त्यामुळे मागची खरंच पायडल मारतेय की नुसते पाय टेकून बसलीय, हे बघणाऱ्याला कधी कळत नाही. कळतं ते एकट्या पुढचीला, तेही पायांनी. प्रत्येक गावात कुणीतरी हाच विनोद करायचं, मागच्या बाई फुकट निघाल्यात वाटतं. मागे बसलेली शिवणवाली दोन महिने त्यावर हसत आली होती. हसायला तिचं काय जात होतं? दोन महिने ती जीव तोडून पायडल मारत होती.

आता तीन दिवस उरले होते आणि हे असं.

तिघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. टपाल वाटून वाटून पाय लोखंडाचे झालेली पुढे, शिवणवाली मागे आणि सामानाची गाडी चालवायला ढब्बू. ढब्बू आता काडीसारखी झाली होती, पण शाळेतलं नाव काही सुटलं नव्हतं. शिवणवालीची लेक गेली त्याला वर्ष होऊन गेलं होतं. त्याआधी पाच महिने ती दवाखान्यात लेकीच्या खाटेशेजारी दोन खुर्च्या जोडून झोपली. तिथे आजारी पोरांच्या आयांना पाठ टेकायला एक खोली व्हावी, म्हणून हा सगळा खटाटोप. गावोगाव थांबायचं, लोकांना सांगायचं आणि शेवटी त्या दवाखान्याच्या दारात जाऊन उतरायचं. खोलीपुरते पैसे केव्हाच जमले होते. उरलं होतं ते नुसतं पोहोचणं.

थकली असेल, असं टपालवालीने स्वतःला सांगितलं आणि दुप्पट जोर लावला. जेवताना ढब्बू शिवणवालीला म्हणाली की दमली असशील तर गाडी तू चालव, मी बसते मागे, नाहीतरी मागचीला काम काय असतं. शिवणवालीने मानेनेच नको म्हटलं. घास तिच्या हातातच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सपाट रस्त्यावरही तेच. टपालवालीच्या गुडघ्यात कळ यायला लागली. घरी दोन पोरं सासूच्या गळ्यात टाकून ती आली होती. धाकटा रोज फोनवर विचारायचा, अजून किती वेळा झोपलो की तू येशील? तिला पोहोचायचं होतं. लवकर पोहोचायचं होतं. हिचं दुःख वाटून घेतलं ते घेतलं, आता हिलाही वाहायचं का, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि लगेच तिची तिलाच लाज वाटली.

दुपारी मात्र तिला नीट कळलं. जोर येत नव्हता एवढंच नव्हतं. पाय खाली न्यावा तर कुणीतरी तो वर धरून ठेवत होतं.

रस्त्याकडेच्या नळापाशी तिने सायकल थांबवली. ढब्बूची गाडी बरीच पुढे गेली होती. पाणी प्यायल्यावर टपालवाली वळून म्हणाली, "तू पायडल मारत नाहीयेस."

"नाही," शिवणवाली म्हणाली. मग ओल्या हातांनी तोंड पुसत म्हणाली, "मी मागे ओढतेय."

टपालवालीने सायकल झाडाला टेकवली.

"तिच्या औषधांच्या वेळा संपल्या. डबा संपला. वर्षभर तिचे कपडे उसवून दुसऱ्यांच्या पोरांना शिवून दिले, तेही संपले. तिच्यासाठी करायचं एवढंच उरलंय गं. उद्या तेही होऊन जाईल." ती नळ घट्ट पिळत राहिली. तो केव्हाच बंद झाला होता. "परवा सकाळी मी कशासाठी उठू, सांग."

टपालवालीच्या घरी दोन उत्तरं होती, पण ती तिची स्वतःची होती. ती म्हणाली, "बस." आणि त्या दिवशी ती पायी चालल्यासारखी सायकल चालवत राहिली. मुक्कामाला एवढा उशीर का, असं ढब्बूने विचारलं तेव्हा वारा उलटा होता म्हणाली. ढब्बूने झाडांकडे पाहिलं. एक पान हलत नव्हतं. तिने दोघींची ताटं वाढली.

शेवटच्या सकाळी शेवटचं वळण आलं आणि समोर दवाखान्याचं फाटक दिसलं. फाटकात ढब्बू, चार परिचारिका, दोन-तीन डॉक्टर हात वर करून उभे होते. शंभरेक पावलं उरली होती. पायडल दगडासारखं जड झालं होतं.

फाटकाच्या अलीकडे, भिंतीलगतच्या बाकावर एक बाई बसल्या बसल्या झोपली होती. भर सकाळी. मांडीवर डबा, मान एका बाजूला कललेली, एक चप्पल पायातून गळून पडलेली. टपालवालीने तिला पाहिलं. मागे काही सांगितलं नाही, बोटही दाखवलं नाही.

"आता मी जोर लावणार नाही," ती एवढंच म्हणाली. "जायचं की नाही ते तुझ्यावर."

आणि तिने पाय सैल सोडले.

सायकल हळू झाली, आणखी हळू झाली. फाटकातले हात तसेच वर थांबले. हँडल डगमगायला लागलं. बाकावरच्या बाईच्या अगदी समोर सायकल कलली आणि टपालवालीने एक पाय जमिनीला टेकण्यासाठी उचलला.

दुसऱ्या पायाखालचं पायडल तेव्हा मागून आलेल्या जोराने वर आलं.