शोभाच्या वडाची कीड

"पुन्हा पिठ्या ढेकूणच का?" मोबाइलच्या पडद्यावरून अनुयानं विचारलं.

रंभाताई कुंडीजवळ वाकल्या. विचुंब्यात त्यांची नर्सरी. झाडाला हात लावल्याशिवाय बोलायचं नाही, ही त्यांची जुनी खोड. त्यांनी गॅलरीतल्या बोन्साय वडाचं एकेक पान उलटून बघितलं. देठांच्या बेचक्यात पांढरे ठिपके होते. ही कीड पानं चिकट करते आणि तिच्यामागे मुंग्या येतातच, पण कुंडीत एकही मुंगी नव्हती.

"पानं चिकट नाय लागत," त्या पुटपुटल्या.

कुमार मोबाइल धरून उभे होते. हा वड त्यांच्या बायकोनं, शोभानं, अठ्ठावीस वर्षं वाढवलेला. ती गेल्यावर लेकीनं, अनुयानं, पुण्याला येण्याचा लकडा लावला. वडाशिवाय येणार नाही, असं कुमारांनी बजावलं. अनुया लगेच कबूल झाली आणि नेमकी त्याच आठवड्यात वडाला कीड लागली. तिच्या गच्चीत पन्नास कुंड्या. आजारी झाड तिथे न्यायचं कसं?

चार महिने झाले, कीड हटेना. बिचारे कुमार अडकले कामोठ्यातच. सकाळी मित्रांबरोबर चालणं, दुपारी कॅरम, रविवारी कर्नाळ्याला पक्षी बघणं आणि मनासारखा स्वयंपाक. दिवस कसेबसे ढकलत होते.

"ताई, मागचे फोटो मी मोठे करून बघितले. मला काही ती कीड वाटली नाही," अनुया म्हणाली. "आज नीट बघून सांगा. झाड बरं असेल तर रविवारी गाडी घेऊनच येते."

 हे घर सोडायच्या विचारानंच कुमारांना रडू येई.

रंभाताईंनी स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस एका ठिपक्यावर दाबून फिरवला. पिठ्या ढेकूण चिरडला की कापसावर तांबूस डाग उमटतो. त्यांनी कापूस निरखला आणि मुठीत मिटला.

"कीड हाय," त्या म्हणाल्या. "झाड हलवू नका. मी महिन्यानं परत येते."

अनुयानं सुस्कारा टाकून फोन ठेवला. कुमारांनी खुशीत तवा तापवला आणि जाळीदार घावन वाढले. रंभाताईंनी नेहमीसारखे चार खाल्ले, हात धुतले, पिशवी उचलली.

दारात चप्पल घालताना त्या थांबल्या.

"काका, फुडच्या येळंला पीठ जरा घट्ट कालवा. पोरगी फोटू मोठा करून बगते."