दोन ओळी

नव्या रचनेच्या मधोमध हेमांगीचा व्हायोलिनवरचा बो थांबला. आजारपणानंतरचा हा पहिलाच कार्यक्रम. जुनी सोनाटा बिनचूक झाली होती, पण आता पुढचे सूरच आठवेनात.

पियानोवर बसलेल्या रेबेकाने वळूनही पाहिलं नाही. मागच्या दोन ओळी तिने पुन्हा वाजवल्या, मग आणखी एकदा. तिसऱ्या खेपेला हेमांगीच्या बोटांना वाट सापडली.

टाळ्यांच्या कडकडाटात दोघी विंगेत आल्या. हेमांगीचे डोळे भरले. "तू दुसरं कुणी बघ गं आता."

"माझा हात मोडला तेव्हा वर्षभर तू एकही कार्यक्रम घेतला नाहीस," रेबेका म्हणाली. "मग मी दोन ओळी थांबले तर काय बिघडलं? चल, लोक आणखी एक मागतायत."

हेमांगीने डोळे पुसले आणि मैत्रिणीच्या आधी रंगमंचावर पाऊल टाकलं.