ओवा जास्त

"माई, आधी हे बघा," म्हणत सईनं मोबाईल सासूच्या नाकासमोर धरला. माईंचे दोन्ही हात चकलीच्या पिठात होते. त्यांनी मान तिरकी करून वाचायला घेतलं.

'माईंचा फराळ, अंबरनाथ पश्चिम' या नावाखाली गूगलवर कालपर्यंत तीन अभिप्राय होते, तिन्हींना पाच-पाच स्टार. पुण्याच्या नणंदेनं 'सुपर्ब' लिहिलं होतं, नाशिकच्या भाच्यानं 'यम्मी', आणि सईच्या मैत्रिणीनं नुसतेच हात जोडले होते. तिघांपैकी एकानंही ही चकली तोंडात घातली नव्हती. पण सईनं 'सगळ्यांनी पाच द्या हं' म्हणून सांगितलं होतं, आणि माणसं सांगितल्याप्रमाणे वागणारी. चौथा अभिप्राय आज सकाळचा होता. स्टार दोन.

'काटा चांगला. मोहन योग्य. ओवा जास्त, त्यामुळे तिळाची चव मरते. शेवटच्या घाण्याचा रंग पहिल्याशी जुळत नाही. सुधारणेस वाव आहे.'

खाली नाव होतं, श्यामकांत केळुसकर. म्हणजे माईंचे यजमान. ते या घटकेला बाहेरच्या खोलीत पाय पसरून पेपर वाचत होते.

"संध्याकाळी सहाला बदलापूरच्या सोसायटीची मीटिंग आहे," सई रडकुंडीला आली होती. "एकशेदहा घरांचा दिवाळीचा फराळ. तिथल्या रविना मॅडम म्हणाल्या, रेटिंग साडेचारच्या खाली असेल तर कमिटी नावच बघत नाही. आपलं चार पॉइंट तीन झालंय, माई!"

माईंनी या ऑर्डरच्या भरवशावर सुंदराबाईला आणि अंजनीला मदतीला सांगून ठेवलं होतं. मोठी कढई आणली होती. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं काही उभं राहत होतं, आणि त्यात खोडा घालायला घरचाच माणूस निघाला. त्या पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या.

"अहो, हे काय लिहिलंत?"

"अभिप्राय मागितला होतात. दिला." पेपर खाली आला नाही.

"बाबा, तिथे पाच द्यायचे असतात," सई म्हणाली. "सगळेच देतात. प्लीज एडिट करा ना."

"एमआयडीसीत एकतीस वर्षं माल तपासला. पाच कुणाला दिले नाहीत. चारसुद्धा नाहीत. मालकाच्या मेव्हण्याचा माल यायचा, त्यालाही नाहीत. आता घरचा माल म्हणून देऊ?"

माई पेपराच्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या.

"एक्केचाळीस वर्षं माझ्या हातचं खाताय. ओवा जास्त झालाय, हे तोंडानं सांगता आलं नाही? सगळ्या गावाला कळवायच्या आधी?"

आता पेपर खाली आला. "तू कधी विचारलंस?"

माई आत गेल्या. खरंच, कधी विचारलं नव्हतं. त्या घरात भाजी कशी झाली हे विचारायची रीत नव्हती. यजमानांनी दुसऱ्यांदा घेतली की बरी, नाही घेतली की समजून जायचं. राग आला होता तो आलाच होता. पण त्याहून जास्त टोचत होतं ते हे, की माणूस खरं बोलत होता. मागच्या रविवारी सईनं रील काढली होती. "माई, ओवा टाकताना पुन्हा एकदा, हात नीट आला नाही," म्हणाली. माईंनी पुन्हा टाकला. त्याच परातीत.

"मोबाईल बाहेर ठेव," त्या सईला म्हणाल्या. "आज स्वयंपाकघरात फक्त चकली."

ओवा चिमटीनं मोजून पडला, एकदाच. तेल तापलं. पहिल्या घाण्यापासून शेवटच्या घाण्यापर्यंत माई गॅससमोरून हलल्या नाहीत. मग पहिल्या घाण्यातल्या दोन आणि शेवटच्या घाण्यातल्या दोन अशा चार चकल्या ताटलीत ठेवून त्यांनी ती यजमानांसमोर ठेवली. शेजारी त्यांचा मोबाईल ठेवला.

"तोंडानं जमत नसेल तर लिहा," म्हणून त्या कढई-झारा आवरायला आत गेल्या.

श्यामकांतांनी चष्मा चढवला. दोन चकल्या खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरून रंग पाहिला. एक कानाजवळ नेऊन मोडली. खाल्ली. दुसरी खाल्ली. मग मोबाईल मांडीवर घेऊन एका बोटानं लिहायला बसले. दारात उभ्या सईचं सगळं लक्ष घड्याळाकडे. पाच वाजून गेले होते.

तिचा मोबाईल वाजला तशी ती आत धावत आली.

"'ओवा बरोबर. तिळाची चव लागते. दोन्ही घाण्यांचा रंग एक.' चार स्टार! माई, चार पॉइंट आठ झालं, वाचलो!" तिनं लगेच रविना मॅडमना लिंक पाठवली. मग तिचं तोंड जरा वाकडं झालं. "पण बघा ना, एवढं सगळं लिहून शेवटी चारच. पाच काही सुटले नाहीत बाबांच्या हातून."

माईंनी झारा बाजूला ठेवला. पदराला हात पुसून मोबाईल घेतला आणि ते चार स्टार पुन्हा एकदा बोटानं मोजले. बाहेर ताटली रिकामी होती आणि पेपर पुन्हा वर गेला होता.

"चार," माई म्हणाल्या. "मालकाच्या मेव्हण्यालासुद्धा मिळाले नव्हते."