राखण

"आई, मक्याला राखण लागत नाही. कणीस पानांत गुंडाळलेलं असतं, चिमण्या चोच कुठं घालणार? शिवाय ज्वारीपेक्षा पैसा बरा सुटतो. उद्या शेतातला माळाही मोडून टाकू. तू आता आराम कर बघू," म्हणत उत्तमनं गिरजाबाईंच्या हातातली गोफण खुंटीला अडकवली.

"बरं बाबा," त्या म्हणाल्या. नवरा गेल्यापासून दर सुगीला त्या माळ्यावर उभ्या राहून पाखरं हाकायच्या. ओरडून ओरडून आवाज कायमचा बसला होता.

दुपारी उत्तम बाजाराला गेला, तशा गोफण घेऊन त्या मक्यात शिरल्या. माळ्याभोवतीच्या कणसांची पानं सोलून त्यांनी दाणे उघडे केले. मग धापा टाकत वर चढल्या आणि रिकाम्या आभाळाकडं बघत बसक्या आवाजात म्हणाल्या, "या गं बायांनो."