मागच्या अंगणातला नळ

"खुर्चीवर आधी टॉवेल घाल हं," वेल्डाबाई दारातूनच म्हणाल्या. "हल्ली माझा भरवसा नाही."

"तीस वर्षं या खुर्चीवर केसांचे रंग सांडतायत. तुम्ही आणखी काय खराब करणार आहात?" असं म्हणत लोरेटाने टॉवेल घातलाच. त्र्याऐंशी वर्षांच्या बाईला एवढं तरी मनासारखं मिळावं.

दर शुक्रवारी सकाळी वेल्डाबाई तिच्या पार्लरमध्ये केस धुऊन, वळवून घ्यायला येत. रविवारी चर्चमध्ये डोकं नीटनेटकं दिसलं पाहिजे. लोरेटाने केस बाजूला केले आणि तिचा हात थबकला. कानांमागे, टाळूवर, मानेच्या वर पांढरा थर धरला होता. नखाने टोकरलं तर चुन्यासारखी खपली निघाली.

हा कोंडा नव्हता. कोंडा तिला रस्त्याच्या पलीकडूनही ओळखू आला असता. हे पाण्याचं काम. कॅन्ससच्या त्या भागातलं पाणी क्षारांनी इतकं जड की महिनाभरात किटलीच्या बुडाला दगड धरतो. वेल्डाबाई शेतावर राहत तेव्हा विहिरीच्या पाण्याने त्यांच्या डोक्याची हीच गत व्हायची. एप्रिलमध्ये त्या गावात मुलाकडे, ग्लेनकडे, राहायला आल्या. मिठाच्या साहाय्याने पाण्यातले क्षार काढून ते मऊ करायची यंत्रं बसवणं हाच ग्लेनचा धंदा. जुलैपर्यंत त्यांची टाळू तान्ह्या मुलासारखी स्वच्छ झाली होती. मग आता ऑक्टोबरात हे पुन्हा कुठून आलं?

"डोकं कुठे धुता हल्ली?"

"कुठे म्हणजे? घरीच. कार्ला धुते." सुनेचं नाव घेताना त्यांनी आरशातली नजर खाली वळवली. "मला आवरेनासं झालंय ना, कपडे ओले होतात, मग तिलाच सगळं बघावं लागतं. नवा गालिचा आहे त्यांचा. दुधासारखा पांढरा."

लोरेटाने खुर्ची मागे कलती केली आणि नळ सोडला. पाण्याचा आवाज ऐकताच वेल्डाबाईंनी खुर्चीचे हात गच्च धरले आणि श्वास रोखला. पाणी डोक्याला लागलं. हळूहळू त्यांची बोटं सैल पडली.

"कोमट आहे," त्या नवल वाटल्यासारखं म्हणाल्या.

"दर वेळी कोमटच असतं की!"

"असू दे. जरा वेळ तसंच असू दे."

लोरेटाने विकतच्या शुद्ध पाण्यात व्हिनेगर घालून ते डोक्यावर ओतलं, वर गरम टॉवेल गुंडाळला, आणि दहा मिनिटांनी बारीक फणीने एकेक खपली न ओढता सोडवायला घेतली. खालची कातडी लालभडक होती. दोन ठिकाणी रक्त आलं. वेल्डाबाईंनी हूं की चूं केलं नाही.

"पाणी गोठायची थंडी कधी पडणार म्हणतात गं?" त्यांनी मध्येच विचारलं.

"रविवारी रात्री. का हो, हिवाळा आवडायला लागला की काय म्हातारपणी?"

"लवकर पडू दे बाई एकदाची."

लोरेटाला हसू आलं. त्या गावात कुणा म्हाताऱ्या माणसाने थंडी मागून घेतल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं.

केस वाळले, वळले, वर स्प्रे मारून झाला. तेवढ्यात ग्लेन आईला न्यायला आला. शाळेत तो लोरेटाच्या वर्गात होता. खुंटीवरचा आईचा कोट काढून तो हातात धरून उभा राहिला.

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा," लोरेटा त्याला म्हणाली. "अख्ख्या गावाला मऊ पाणी देतोस आणि आईच्या डोक्यावर हा थर! यंत्रातलं मीठ संपलंय का बघ जरा."

ग्लेनला ते झोंबलं. "माझ्या घरात? काहीतरीच काय! अगं, संडासाच्या टाकीतसुद्धा मऊ पाणी येतं माझ्याकडे. जड पाणी फक्त मागच्या अंगणातल्या नळाला. तो मी मुद्दाम यंत्राच्या आधीच काढून घेतलाय. गवताला काय करायचंय मऊ पाणी?"

लोरेटाच्या हातातली फणी तशीच राहिली. आरशात वेल्डाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. मोठ्या माणसाची परवानगी मागावी तसं त्यांनी विचारलं, "थंडी पडली की तो नळ बंद करतोस ना रे ग्लेन? फुटतो म्हणून?"

"यंदा नाही." ग्लेनचा आवाज पुन्हा खुलला. "मंगळवारीच नवा बसवला, न गोठणारा. जानेवारीतही धो धो चालेल. कार्लाच मागे लागली होती, सोय होते म्हणून..."

बोलता बोलता त्याने लोरेटाकडे पाहिलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होत गेल्या. लोरेटाला त्याची किळस आली, आणि आपण गेल्या शुक्रवारीही हेच डोकं धुतलं, थोडी खपली दिसली होती आणि तरी काहीच विचारलं नाही याची त्याहून जास्त.

तिने त्याच्या हातातून कोट काढून घेतला आणि परत खुंटीला अडकवला.

"त्या घरी येणार नाहीत," ती म्हणाली. "आज नाही आणि उद्याही नाही. तू जा."

"अगं, गालिचा..." ग्लेन म्हणाला. दारावरची घंटा वाजली. तो गेला.

बसवलेल्या केसांवर वेल्डाबाईंनी हात ठेवला. "त्याला उगाच रागावलीस. तिला तरी कुठे वेळ असतो गं? अंगणात पाइप लावला की लवकर उरकतं."

 लोरेटाने खुर्ची पुन्हा मागे कलती केली, तासभर खपून बसवलेले केस मोकळे केले आणि नळाखाली मनगट धरून पाणी कोमट होईपर्यंत थांबली.

"कोमट आहे हं," तिने आधीच सांगितलं.

वेल्डाबाईंनी मान हलवली, खुर्चीचे हात गच्च धरले आणि श्वास रोखला.